गणपती ते कोजागरी : कोकणातलं रान पहिल्यांदा बघायला निघालेल्यांसाठी

कोकणात रान बघायला कधी यावं असं कुणी विचारलं की बहुतेकांच्या तोंडी मे महिना येतो, नाहीतर थंडीचे दिवस. मी दरवेळी गणपती ते कोजागरी हा काळ सांगते. या चाळीसेक दिवसांत सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, फुललेले असतात, भात पोटरीतून बाहेर पडून लोंबीवर येतं, पाणंदीत कोळ्यांची जाळी माणसाच्या तोंडाशी येतात आणि उत्तरेकडून निघालेले पहिले पाहुणे पक्षी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरतात. वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही महिन्यात हे सगळं एकदम बघायला मिळत नाही.

आणि ते सगळं घाईत चाललेलं असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस कोकणातून पाय काढतो. मग ऊन चढतं, कातळ तापतो, व्हाळ-पऱ्ये (ओढे-ओहोळ) बारीक होतात. त्याआधी फुलायचं, बी धरायची, पिल्लं उडवायची. त्यामुळे या आठवड्यात दिसलेलं पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही. नवख्या माणसाने म्हणूनच दहा ठिकाणं पालथी घालू नयेत. एक जागा धरावी आणि तीच आठ-आठ दिवसांनी पुन्हा बघावी. खालचं सगळं त्यासाठी लिहिलं आहे.

आधी नक्षत्रं बघा

गणपती कधी ऑगस्टअखेर येतात, कधी सप्टेंबरच्या मध्याला. अधिक मासामुळे तिथ्या पुढे-मागे होतात, फुलं मात्र ऊन-पावसाच्या हिशोबाने चालतात. म्हणून शेतकऱ्यासारखं पावसाच्या नक्षत्रांवरून मोजा, ती सूर्याची असल्यामुळे तारखेला पक्की असतात. पूर्वा साधारण ऑगस्टच्या शेवटापासून 13 सप्टेंबरपर्यंत, उत्तरा तिथून 26-27 सप्टेंबरपर्यंत, हस्त 10 ऑक्टोबरच्या आसपास संपतो आणि पुढे चित्रा लागतं.

पूर्वा आणि उत्तरा ही सड्यावरच्या फुलांची नक्षत्रं. सरी येतात-जातात, मधेच लख्ख ऊन पडतं, त्या उन्हात फुलं उघडतात. हस्ताचा पाऊस वेगळा, गावात त्याला हत्तीच म्हणतात. सकाळ कोरडी जाते, दुपारनंतर घाटाच्या बाजूने काळं भरून येतं आणि गडगडाटासह कोसळतं. तेव्हा हस्तात बाहेर पडायचं ते सकाळी, आणि दुपारी दोनच्या आत सडा उतरायचा. उघड्या सड्यावर विजेच्या वेळी सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, हे विसरू नका.

जागा कशी धरायची

कोकणपट्टी अरुंद आहे. समुद्र, पुळण, खाडी, मळे, वाडी आणि त्यावर सडा, असं सगळं काही किलोमीटरच्या आत सापडतं. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या कुठल्याही किनारी गावात राहिलात तर चालत जाण्याच्या टप्प्यात यातले तीन-चार अधिवास येतात. त्यातली एक पाच-दहा पावलांची जागा ठरवा. सड्यावरची एखादी खळगी, मळ्याचा एक बांध किंवा खाडीतली तरीची, म्हणजे होडी लागते तिथली, पायरी, काहीही चालेल.

ठरलेल्या अभयारण्यातच जायचं असेल तर रायगड जिल्ह्यात कर्नाळा आणि फणसाड आहेत. फणसाडला शेकरू आहे, आपला राज्यप्राणी, आणि रानातल्या पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात. या दिवसांत सगळीकडेच पाणी असल्यामुळे जनावरं गाणीवर यायची गरज नसते. प्राणी दिसायला उन्हाळा बरा, पावसाळ्याच्या शेवटी तिथे जायचं ते झाडं, किडे आणि पाखरांसाठी.

सडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीचा किंवा देवस्थानाचा असतो. वाडीतून जाताना जो दिसेल त्याला काका, आजी अशी हाक मारून सांगा, कशासाठी आलात ते बोला. मुंबईकडचा माणूस जमीन बघायला आलाय असा समज होण्याचे हे दिवस आहेत. फुलं बघायला आलोय म्हटलं की लोक मोकळे होतात आणि कुठल्या अंगाला काय फुललंय ते स्वतःहून सांगतात. हे काम गुराख्यांइतकं चांगलं कुणाला जमत नाही.

अंगावर काय, पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, घोट्याच्या वर येणारे बूट. पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, दुर्बीण असेल तर दुर्बीण, वही, पेन्सिल (पेनाची शाई या दमट हवेत पसरते), पाणी, आणि एक हातभर काठी. काठी कशाला ते पुढे येईल.

या हंगामात तीन धोके खरे आहेत. पहिला फुरसं. हा छोटा, रागीट विषारी साप कोकणच्या सड्यावर दगडांखाली आणि गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) फटींत राहतो. दगड उलटायचा नाही, फटीत हात घालायचा नाही, बसण्याआधी काठीने जागा हलवून बघायची. दंश झालाच तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही करू नका, तो भाग हलू न देता माणसाला रुग्णालयात न्या. 108 वर रुग्णवाहिका मिळते. प्रतिसर्पविष फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार या चारही विषांवर चालतं. दुसरा धोका लाल विंचवाचा. त्याच्या दंशाने हृदयावर परिणाम होतो आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्यावरचे उपचार बसवेपर्यंत कोकणात माणसं दगावत होती. तेव्हा विंचू चावला तर घरगुती इलाजात वेळ घालवू नका. तिसरा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हा जंतूंमुळे येणारा ताप. मळ्यातल्या साचलेल्या पाण्यात, चिखलात त्याचे जंतू असतात. पायाला जखम असेल तर अनवाणी मळ्यात उतरू नका आणि घरी परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'भातखाचरात होतो' हे आवर्जून सांगा.

सडा : गुडघे टेकायची तयारी ठेवा

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात काळाठिक्कर, तापलेला, त्यावर चप्पल घालूनही पाय ठेववत नाही. सरकारी दप्तरात त्याची नोंद बऱ्याचदा पडीक म्हणून असते आणि दुरून बघणाऱ्यालाही ते खरं वाटतं. सप्टेंबरमध्ये त्याच कातळावर बोट-दोन बोटं जाडीच्या मातीत शेकड्यांनी फुलं उमलतात. माती एवढी पातळ, वर सतत वाहतं पाणी, त्यामुळे तिच्यात नत्र जवळपास उरत नाही. इथल्या झाडांच्या अनेक चमत्कारिक सवयींमागे हेच कारण आहे.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास पोहोचा. आधी उभं राहून रंग बघून घ्या. निळ्या-जांभळ्या छटेचा जो पट्टा ओल्या खळगीत दिसतो ती सीतेची आसवं. पांढऱ्या बटणांचा सडा पडलेला दिसतो ते गेंद. कडेच्या जरा जाड मातीत गुलाबी तेरडा, आणि गवतात पिवळा ठिपका-ठिपका दिसतो तो कवला. एवढं लांबून कळलं की कोरड्या कातळावर पाय देत देत जवळ जा. ओल्या हिरवळीत पाय टाकू नका, एका पावलाखाली पन्नास रोपं जातात आणि ती वर्षायू आहेत, बी धरण्याआधी चिरडली तर पुढच्या वर्षी त्या जागी कमी उगवतात.

आता गुडघे टेका. खरं तर पोटावर झोपलात तर उत्तम.

सीतेच्या आसवांचं फूल जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. दोन ओठ, खालचा ओठ पसरट, आणि मागे खाली वळलेली एक टोकदार सोंड. दांडी दोऱ्याइतकी बारीक, पानं शोधूनही सापडत नाहीत. एवढ्या नाजूक जिवाचं पोट भरतं ते जमिनीखाली. ओल्या मातीत त्याच्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुगे असतात, प्रत्येक फुग्याला एक झडप. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेजवळच्या केसाला लागला की झडप आत उघडते आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. हे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात घडतं, वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे. हे बघायला रोप उपटू नका, उपटून काहीही दिसत नाही, फुगे मातीबरोबर तुटून जातात.

त्याच खळगीच्या कडेला लालसर काहीतरी चमकताना दिसलं तर भिंग काढा. ती दवबिंदू नावाची वनस्पती. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. ऊन चढलं, सगळीकडचं दव उडालं तरी हे थेंब जागेवरच, आणि ओळखायची खूण तीच. थेंबावर बसलेलं चिलट सुटायची धडपड करतं तसे शेजारचे केसही हळूहळू त्याच्याकडे वळतात. दहा मिनिटं थांबायची तयारी असेल तर हे वळणं डोळ्यांनी दिसतं. मातीत नसलेलं नत्र ही दोन्ही झाडं अशी किड्यांकडून मिळवतात.

कवल्याचं पिवळं फूल मुलांना फार आवडतं, त्यातल्या एका जातीच्या वरच्या पाकळीवरचे लाल ठिपके आणि आकार मिळून मिकी माऊसचं तोंड दिसतं. फूल उन्हात उघडतं, ढगाळ दिवशी निराशा होईल. काही जातींची पानं लाजाळूसारखी मिटतात. नभाळीची निळी-जांभळी फुलं सकाळी बघावीत, भिंगाखाली तिच्या पुंकेसरांवरचे निळे केस बघायला विसरू नका. आणि तुतारी मात्र संध्याकाळची. लांब नळीचं हे पांढरं फूल दिवस कलताना उमलतं आणि रात्री पतंगांची वाट बघतं. स्वतः हिरवी असूनही ती शेजारच्या गवताच्या मुळांतून थोडं अन्न चोरते.

तेरड्याजवळ मुलांना नक्की न्या. पक्व झालेलं, जरा फुगीर हिरवं बोंड बोटात हलकंच दाबा. कवचाच्या पाच पट्ट्या एकदम आत वळतात आणि बिया हातभर उडतात. तेरड्याचे रंग तीन दिवस म्हणतात, त्या तीन दिवसांनंतर झाडाने केलेली ही तयारी असते. गौरी येतात तेव्हा कोकणात अनेक घरांत मुळासकट आणलेला तेरडाच गौर म्हणून पुजला जातो, त्यामुळे पाणवठ्याजवळचा तेरडा त्या दिवशी तोडलेला दिसला तर बिचकू नका. बाकी सड्यावरचं काही तोडू नये, हे सांगायला लागू नये.

सड्यावरच जायचं तर कातळशिल्पांचा सडा निवडा. उक्षी, जांभरूण, काशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी. ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच जांभ्यात हत्ती, मासे, पक्षी कोरले. पावसाळ्याअखेर त्या खोदलेल्या रेषांत पाणी आणि माती साचते आणि त्यात गेंद, आसवं फुलतात. चित्राच्या बाहेरून फिरा. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून फुलं किंवा माती खरवडून काढणारे लोक मला दिसले आहेत, ते चित्रालाही घातक आहे आणि फुलांनाही.

मळा आणि गडगा

सडा उतरून खाली आलात की भातशेती लागते. बांधावरून चाला, आणि फुलोऱ्यातल्या भातात शिरू नका. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन पडलं की लोंबीवरचे दाणे उघडतात आणि बारीक पिवळट तुरे बाहेर लोंबतात. प्रत्येक दाण्याचं हे फुलणं थोडाच वेळ टिकतं, मग दाणा मिटतो तो कायमचा. त्या वेळी हलवाहलव झाली की दाणा फोल राहतो, म्हणून शेतकरी रागावतो आणि त्याचं बरोबर आहे. हळवं भात हस्तात कापायला येतं, गरवं दिवाळीपर्यंत उभं असतं.

बांधावर उभं राहून माडांकडे बघा. झावळ्यांच्या टोकांना सुगरणीची घरटी लोंबत असतील. विणणारा नर असतो, पिवळ्या टोपीचा. तो भाताच्या पात्याच्या कडेला चोचीने एक चीर देतो, टोक पकडून वर उडतो आणि लांबलचक पट्टी फाडून नेतो. हे कुठल्याही खाचरात उभं राहून दिसतं, दुर्बीणही लागत नाही. घरटं अर्धं, मधे आडवी पट्टी असलेलं झालं की तो थांबतो, मादी येऊन बघते, तिला पसंत पडलं तर पुढची नळी विणली जाते. नापसंत घरटी तशीच राहतात. माडाखाली पडलेलं घरटं उचलून न्यायला हरकत नाही, पण आधी आत डोकावा. झाडावरचं काढू नका, उत्तरा नक्षत्रातही कित्येकांत पिल्लं असतात.

बांधाच्या कोरड्या अंगाला कुर्डू दिसेल, पांढरट गुलाबी निमुळते तुरे. कोवळेपणी तिची भाजी होते, आता ती तुऱ्यावर आली आहे. दसऱ्याला किंवा नव्याच्या पुनवेला दारावर 'नवं' बांधतात त्यात भाताच्या लोंब्या आणि आंब्याच्या पानांबरोबर कुर्डूचे तुरेही असतात.

जांभ्याच्या गडग्यासमोर निदान पंधरा मिनिटं घालवा. शेवाळ, नेचे, बेगोनियाची गुलाबी फुलं, सरडे, गोगलगायी असं एक वेगळंच जग त्या हातभर भिंतीत मावतं. गडग्यावर चढलेल्या वेलींवर लालभडक गोल फळं लोंबत असतील ती कवंडळं. तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीच्या लाकडी चौकटीला ती बांधतात. दिसायला सुंदर, खायची नाहीत. तशीच कळलावी. पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या, मागे वळलेल्या पाकळ्यांचं हे फूल ओळखायला सगळ्यात सोपं, आणि कंदापासून बीपर्यंत ती विषारी आहे. फोटो काढा, मुलांच्या हातात देऊ नका. कुंपणात मधेच पांढरं पान दिसलं तर थांबा, ती शेरवड. पांढरं दिसतं ते फूल नव्हेच, खरं फूल त्याच्या शेजारचं छोटं, केशरी, चांदणीसारखं.

पाणंद आणि रानवाट

काठीचं काम इथे आहे. पाणंदीतून पुढे चालणाऱ्याने काठी तोंडासमोर उभी धरावी, कारण जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी नेमकी माणसाच्या उंचीला, दोन झाडांच्या मधे ताणलेली असतात. जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी चमकतो आणि हाताला लागला तर ताणला जातो, पटकन तुटत नाही. मधोमध बसलेली हाताच्या पंजाएवढी पसरणारी ती मादी. जून-जुलैत ही लहान असते, हस्तापर्यंत पूर्ण वाढते. आता त्याच जाळ्याच्या वरच्या बाजूला नीट बघा, एखादा तांबूस, चिमुकला कोळी सापडेल. तो तिचा नर. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो दुसराच प्राणी वाटतो. चांदीच्या थेंबासारखे चमकणारे आणखी बारीक कोळी दिसले तर ते उपरे, तिच्या जाळ्यात अडकलेलं खाऊन जगणारे. ती माणसाच्या मागे लागत नाही. वाकून खालून जा, जाळं तोडू नका. रात्रभर खपून विणलेलं असतं.

फुलपाखरांसाठी सकाळी नऊ ते अकरा. दोन जागा हमखास: ओढ्याकाठची ओली वाळू, जिथे नर क्षार शोषायला जमतात, आणि खुळखुळ्याची झाडं. खुळखुळ्याच्या शेंगा वाळू लागल्या की त्यांवर ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं गुच्छांनी बसतात. मध नसतानाही. त्यांना त्या झाडातला अल्कलॉइड हवा असतो, त्यातून नर मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. आणि परसात लिंबू, पपनस असेल तर राणी पाकोळीवर नजर ठेवा. काळ्या पंखांवर निळा पट्टा, आकाराने दुरूनही मोठी वाटणारी. महाराष्ट्राने 2015 मध्ये तिला राज्य फुलपाखरू केलं. तिच्या अळ्या लिंबावर वाढतात, त्यामुळे पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच औषध मारू नये.

मळ्यावर आणि किनाऱ्यावर दुपारी शेकड्यांनी फिरणारे पिवळसर चतुर दिसले तर ते वाँडरिंग ग्लायडर असण्याची शक्यता मोठी. पावसाळा सरताना यांचे थवे वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. दोन इंचांचा किडा. ते बसत नाहीत, सारखे उडत असतात, एवढ्यावरून ओळखा.

काजवे शोधू नका, त्यांचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर गेला.

पुळण आणि खडक : आधी तिथी

समुद्रकिनाऱ्याला जायची वेळ घड्याळ ठरवत नाही, ओहोटी ठरवते. कोळीवाड्यात चालणारा हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. एकादशीला अकरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, सव्वादोनला ओहोटी पुरती लागते. गावागणिक अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतो, तेव्हा स्थानिक माणसाला विचारून पक्कं करा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्या दिवशी उधाण असतं, पाणी सगळ्यात लांब ओसरतं. सर्वपित्री अमावास्येची किंवा कोजागरीची सकाळ ही खडकांवरची जीवसृष्टी बघायची उत्तम वेळ. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, त्या दिवशी गेलात तर फार काही उघडं पडत नाही.

पण सप्टेंबरचा समुद्र अजून शांत झालेला नसतो. खडक शेवाळाने निसरडे, पाणी गढूळ, लाट मधेच मोठी. खडकावर समुद्राकडे पाठ करून बसू नका, ओहोटी संपायच्या अर्धा तास आधी खाली उतरा आणि पाणी वळलं की परत फिरा.

खडकातल्या डबक्यात हात न घालता, सावली न पाडता पाच मिनिटं बसा. आधी काहीच दिसत नाही. मग शंखाच्या आत राहणारा खेकडा चालू लागतो, समुद्रफूल आपले हात पसरतं, कोळंबीची पारदर्शक पिल्लं हलतात. मालवणच्या किनाऱ्याचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून जिवंत शंख-शिंपले किंवा प्रवाळ काहीच उचलता येत नाही. इतर ठिकाणीही उचलू नये, रिकामा दिसणारा शंख कुणाचं तरी घर असतो.

वाळूवर ओहोटीला बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. एका बिळाभोवती किरणांसारख्या रेषा, आणि प्रत्येक रेषेच्या बाजूला मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या. वाळूतलं खाद्य तोंडाने वेगळं करून उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकत जाणाऱ्या चिमुकल्या खेकड्याचं हे काम. स्तब्ध उभे राहा, दोन-तीन मिनिटांत तो बाहेर येतो आणि काम चालू करतो. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं.

वाळूवर निळसर, फुग्यासारखं काही पडलेलं असेल तर हात लावू नका. ते ब्लू बॉटल, पावसाळ्यात वाऱ्याने किनाऱ्याला लागतं. मेलेलं दिसलं तरी त्याचे तंतू डंख मारतात. डंख झालाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

पुळणीवरचे पक्षी हा या हंगामाचा माझा सगळ्यात आवडता भाग. ऑगस्टअखेरीपासून छोटे चिखले आणि तुतवार येऊ लागतात. चिखल्यांच्या छातीवर सप्टेंबरमध्ये अजून विणीच्या हंगामातला तांबूस रंग असतो, दर आठवड्याला तो फिका होत जातो आणि थंडीत ते मातकट दिसतात. ओळखायला शिकायचं तर हीच वेळ, कारण नंतर सगळे एकसारखे भासतात. ओढ्याच्या तोंडाशी शेपटी सारखी वर-खाली करणारा, पिवळ्या पोटाचा दिसला तर करडा धोबी. कुरव अजून फार नसतात, त्यांचे मोठे थवे थंडीत. ऑक्टोबरात समुद्री गरुडाच्या जोड्या आपल्या जुन्या घरट्याची डागडुजी सुरू करतात, किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग दिसला तर लांबूनच बघा. घरट्याखाली गर्दी झाली तर ती जोडी घरटं सोडून जाऊ शकते. कासवांची अंडी मात्र आता शोधू नका, वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात.

खाडी

खाडीला ओहोटीच्या वेळी तरीवर किंवा बंधाऱ्यावर उभं राहून बघा, चिखलात उतरू नका. चिखलावर उड्या मारणारे मासे म्हणजे निवटे. ओल्या त्वचेतून आणि गालात धरलेल्या पाण्यावर ते पाण्याबाहेर तग धरतात. एक नांगी भली मोठी असलेले खेकडे ती हलवत मादीला बोलावत असतात. कांदळवनातली चिपी ओळखायला तिच्याभोवती चिखलातून वर आलेले जाड, निमुळते सुळके बघा, ती तिची श्वास घेणारी मुळं. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. पहाटे गेलात आणि नशीब असेल तर पाणमांजराचं कुटुंब दिसेल. नाहीच दिसलं तरी दगडावर माशांच्या काट्यांनी भरलेली त्याची विष्ठा सापडते.

नोंद कशी ठेवायची

वहीत तारीख, नक्षत्र, वेळ, जागा आणि पाऊस पडला का ते लिहा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. फुलाचा आकार, किती पाकळ्या, पान कसं, ओल्यात होतं की कोरड्यात, एवढं लिहिलं की नाव नंतर सापडतं. फोटो काढताना फूल समोरून एक, बाजूने एक, पानासकट एक आणि पूर्ण जागेचा एक असे चार काढा. नुसत्या फुलाच्या सुंदर फोटोवरून गेंदाच्या जाती तज्ज्ञालाही सांगता येत नाहीत. फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर आणि पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकल्या तर जाणकार नाव सुचवतात आणि नोंद जतन होते. कोकणातल्या सड्यांच्या नोंदी अजून थोड्या आहेत, त्यामुळे नवख्याची साधी नोंदही उपयोगी पडते. दुर्मीळ ऑर्किड किंवा गरुडाचं घरटं सापडलं तर मात्र नेमकं ठिकाण उघड करू नका, ती सोय दोन्ही ठिकाणी आहे.

परतण्याआधी आपली ठरवलेली जागा मोबाइलच्या नकाशावर खुणेने नोंदवून ठेवा. चित्रा लागेपर्यंत सड्यावरचं गवत सोनेरी होतं, आसवं सुकून जातात, आणि दिवाळीनंतर कित्येक सडे गवतासाठी कापले किंवा जाळले जातात. तेव्हा ती खळगी नुसत्या नजरेने पुन्हा सापडत नाही.